‘मायनस आर’: एका ओळीचं रसग्रहण

एसएसएच -एन -आर ८०८०:लोकलहोस्ट:८० गोदा@मुंबई

ही ती ओळ. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टाइप करावी लागते, आणि ‘एन’ व ‘आर’ ही दोन अक्षरं मोठी, म्हणजे कॅपिटलच हवीत. लहान ‘एन’चं काम निराळं आहे. ‘गोदा’ हे खात्याचं नाव. ‘मुंबई’ हे तिथल्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेल्या एका छोट्या संगणकाला घरच्यांनी दिलेलं टोपणनाव. बाकी ओळ जगभर लिहितात तशीच आहे. लातूरमधल्या माझ्या आतेभावाच्या घरी, इन्व्हर्टरशेजारच्या फळीवर, तळहातावर मावेल अशा रास्पबेरी पायवर ती अहोरात्र चालू असते.

तिची गरज का पडली ते आधी सांगायला हवं, कारण अडचण कळल्याशिवाय या ओळीची गोडी कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बोअरला किती फुटांवर पाणी आहे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यानंतर लातूरमध्ये माणूस तब्येतीइतक्याच आपुलकीनं विचारतो. आतेभावानं आपल्या बोअरमध्ये दाबावर चालणारा सेन्सर सोडला. दर पंधरा मिनिटांनी पातळीची नोंद होते आणि त्या छोट्या यंत्रावरचा वेब सर्व्हर तिचा आलेख दाखवतो. गल्लीतल्या शेजाऱ्यांना तो बघायचा होता, इकडे नांदेडला मला बघायचा होता. घरच्या वायफायवर पान झटकन उघडलं. बाहेरून मात्र काही केल्या नाही. ‘मोबाइल डेटावर उघडंनाच की दादा,’ असा त्याचा फोन आला.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता शंभरानं सुरू होत होता, आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यानचा होता. हे आकडे ओळखीचे असले की पुढचं सगळं कळतं. आयईटीएफ या अभियंत्यांच्या संस्थेनं एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या दस्तऐवजानं १००.६४ पासूनचे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते बाजूला काढून ठेवले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ते आपल्या जाळ्यात आतल्या आत वाटायचे, आणि बाहेर पडताना अशा अनेक घरांनी मिळून एकच खरा पत्ता वापरायचा. घरातून बाहेर जाणाऱ्याला यात काही अडत नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र त्या सामायिक पत्त्यामागचं नेमकं घर सांगताच येत नाही.

असं का करावं लागलं? आयपीव्ही४ या रूढ पत्तापद्धतीत सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि नव्यानं मागणाऱ्याला मोजूनमापून पत्ते मिळू लागले. नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांवरून फायबर घरोघरी गेलं ते त्यानंतरच्या वर्षांत. आमच्या गावांना पत्ते संपल्यानंतरचं इंटरनेट मिळालं. मला हे मनापासून लागतं, कारण जो आधी आला त्याला पत्ता मिळाला आणि जो उशिरा आला त्याला फक्त बाहेर बघण्याची सोय मिळाली.

काही ठिकाणी पत्ता खरा मिळतो, पण ठरावीक पोर्ट, म्हणजे यंत्राची क्रमांक दिलेली दारं, बंद असतात. त्यामागची कारणं पोकळ नाहीत. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाचा किडा पोर्ट ८० मधूनच मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये शिरत गेला, तेव्हा अनेक कंपन्यांनी घरगुती जोडण्यांचं ते पोर्ट बाहेरून बंद करून टाकलं. २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला आणि १३५ ची तीच गत झाली. २५ क्रमांकाचं पोर्ट नको त्या मेलच्या लोंढ्यांमुळे अडवतात. सामान्य ग्राहकाच्या घरातलं विसरलेलं, वर्षानुवर्षं अपडेट न झालेलं यंत्र जगासमोर उघडं पडू नये, ही काळजी रास्तच आहे. पण तिची किंमत त्या घरातून स्वतःचं काहीतरी जगाला दाखवू बघणाऱ्यानं मोजायची, असं होऊन बसतं. वेगळे पैसे भरले की काही कंपन्या कायमचा पत्ता देतात, काहींच्या घरगुती प्लॅनच्या अटींत सर्व्हर चालवायलाच मनाई असते. अटी वाचून घ्याव्यात, हे ओघानं सांगितलं.

आता ओळीकडे येऊ.

पहिला शब्द एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या ततू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तो घडवला. विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, त्याचा बंदोबस्त म्हणून. तेव्हा फाइली नेण्याच्या एफटीपीचं पोर्ट २१ होतं आणि दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या टेलनेटचं २३. या दोन्ही उघड्याबोडक्या पद्धतींची जागा घेऊ पाहणाऱ्या कार्यक्रमासाठी त्यांनी मधलं २२ मागितलं. जुलै १९९५ मध्ये ई-मेलनं केलेली ती विनंती जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी मान्य केली. अर्ज नाही, फी नाही, समिती नाही. क्रमांक मागितला आणि मिळाला, इतकं ते जग मोकळं होतं. लातूरच्या घरातून निघालेली ही ओळ मुंबईच्या त्याच २२ क्रमांकावर जाऊन थडकते. (कुठे बाहेर जाणारं २२ सुद्धा अडवलेलं असेल, तर मुंबईकडचा एसएसएच ४४३ वर ऐकत ठेवता येतो, ओळीत ‘-पी ४४३’ एवढं वाढतं.)

मग ‘-एन’. एसएसएच एरवी दूरच्या यंत्रावर जाऊन आज्ञा देण्यासाठी वापरतात. ‘-एन’ सांगतं की तिकडे कोणतीही आज्ञा चालवायची नाही. म्हणजे एवढा पल्ला गाठून, किल्ल्यांची ओळख पटवून, मुंबईत पोहोचायचं आणि तिथे काहीच करायचं नाही, फक्त असायचं. ओळीतलं हे सगळ्यात संयमी अक्षर. ते गाळलं तरी काम चालतं, पण मग तिकडे एक रिकामा शेल विनाकारण उघडा राहतो. ओळ लिहिणाऱ्याला आपल्याला काय नको आहे तेही माहीत आहे, हे या अक्षरावरून दिसतं.

आणि मग ‘-आर’. आपल्याकडची मंडळी त्याला बोलताना ‘मायनस आर’ म्हणतात. त्याचं भावंड ‘मायनस एल’ जास्त प्रसिद्ध आहे. ‘एल’ इथलं पोर्ट घेतो आणि तिथल्या सेवेला जोडतो. म्हणजे मला तिकडचं काही हवं आहे. ‘आर’ तिथलं पोर्ट घेतो आणि इथल्या सेवेला जोडतो. म्हणजे माझ्याकडे काही आहे, ते तिकडे मांडायचं आहे. एका अक्षराच्या बदलात घेणाऱ्याचा देणारा होतो. या ओळीचा सगळा रस इथे आहे.

कंपनीनं अडवलंय ते बाहेरून आत येणं. आतून बाहेर जाणं तिनं अडवलेलं नाही आणि सरसकट अडवूही शकत नाही, नाहीतर जोडणीला अर्थच उरणार नाही. ‘-आर’ हेच ओळखतो. घरी बाहेरून फोन लागत नसेल पण घरातून लागत असेल, तर आपणच फोन लावावा आणि तो खाली ठेवूच नये, तशी ही युक्ती आहे. लातूरचं यंत्र मुंबईला आपणहून जोडणी करतं. ती जोडणी उभी राहिली की तिच्या पोटातून दोन्ही दिशांना काहीही जाऊ शकतं. मुंबईला कुणी पान मागितलं की ती मागणी याच उघड्या जोडणीतून उलट्या दिशेनं लातूरला येते. कंपनीच्या उपकरणांना दिसते ती फक्त एका ग्राहकानं बाहेर केलेली एक साधी जोडणी. प्लॅनच्या अटींत मनाई नसेल तर इथे नियम मोडलेला नाही, कुलूप तोडलेलं नाही, कुणाची नजर चुकवलेली नाही. संभाषण कुणी सुरू करायचं, एवढंच बदललं आहे.

आता विसर्गचिन्हांसारखे ते दोन ठिपके दोनदा आलेत, ते पाहा. ८०८०:लोकलहोस्ट:८०. वाचताना वाटतं की तिन्ही घटक एकाच ठिकाणचे असतील. तसं नाही. पहिला आकडा मुंबईचा आहे, पुढचे दोन्ही घटक लातूरचे. पहिल्या ठिपक्यांच्या जोडीत बार्शी, कुर्डूवाडी, पुणे आणि घाट असा सुमारे पाचशे किलोमीटरचा रूळ मावला आहे. इतक्या कमी जागेत इतकं अंतर बसवणारी रचना माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

‘लोकलहोस्ट’ हा शब्द तर थांबून वाचावा असाच. त्याचा अर्थ ‘हेच यंत्र’. पण हे म्हणजे कोणतं? ‘-एल’च्या ओळीत हाच शब्द याच जागी आला तर तो पलीकडच्या यंत्राचा होतो, कारण तिथे शेवटची उडी पलीकडून मारली जाते. ‘-आर’मध्ये तो अलीकडचा, घरचा होतो. बोलणारा बदलला की ‘मी’चा अर्थ बदलतो, तसं इथे दोन शब्द आधी आलेल्या एका अक्षरावरून ‘लोकलहोस्ट’चं घर ठरतं. नवशिक्याला हे गोंधळाचं वाटतं. सवय झालेल्याला त्यात शिस्त दिसते: पोर्ट जिथे उघडं ठेवलं आहे ते ठिकाण आधी, आणि सेवा जिथे राहते ते ठिकाण नंतर.

८० का आणि ८०८० का, हेही अर्थपूर्ण आहे. ८० हे वेबचं ठरलेलं पोर्ट. जुलै १९९२ मधल्या आरएफसी १३४० च्या यादीत ते वेबच्या नावावर दिसतं. घरातला सर्व्हर त्याच पारंपरिक जागी बसला आहे, कारण घरात त्याला कुणी अडवत नाही. मुंबईत मात्र १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि ‘गोदा’ हे खातं मुद्दाम साधं ठेवलेलं आहे. म्हणून ८०८०. घरी मानाची जागा आणि परगावी साधी, हा विवेक दोन आकड्यांत दिसतो.

इतकं वाचल्यावर ओळीत काय नाही ते पाहावं. लातूरचा पत्ता नाही. गावाचं नाव नाही, राउटरचा क्रमांक नाही, कंपनी नाही. ज्या पत्त्याच्या टंचाईपायी सगळं अडलं होतं, तो या ओळीला लागतच नाही. उद्या आतेभावानं जोडणी बदलली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यंत्र चालवलं किंवा ते उचलून चाकूर, अहमदपूर, लोह्याच्या रस्त्यानं नांदेडला माझ्या घरी आणून ठेवलं, तरी ओळीतला एकही ठिपका बदलावा लागणार नाही. बोअरचा सेन्सर मात्र लातूरमध्येच राहील, म्हणून ते आणून उपयोग नाही. पण ओळीची ही निर्धास्त वृत्ती मला फार आवडते.

दुसरी अनुपस्थिती जास्त सूक्ष्म आहे. ८०८० च्या आधी खरं तर आणखी एक घटक येऊ शकतो: मुंबईच्या यंत्रानं नेमकं कोणत्या पत्त्यावर ऐकायचं तो. तो इथे अध्याहृत आहे. आणि अध्याहृत असताना एसएसएच त्याचा सर्वात सावध अर्थ घेतं: फक्त त्या यंत्रातल्यांनीच ऐकावं, जगानं नाही. म्हणजे ही ओळ चालवल्यावरही मुंबईच्या ८०८० वर बाहेरून कुणी येऊ शकत नाही. जगासमोर उघडं करायचं असेल तर तिकडच्या सेटिंगमध्ये ‘गेटवेपोर्ट्‌स’ जाणीवपूर्वक बदलावं लागतं. ते न बदलता तिथे एनजिनएक्स किंवा कॅडी असा वेब सर्व्हर बसवावा, त्यानं ४४३ वर पाहुण्यांचं स्वागत करावं आणि मागणी आतल्या आत ८०८० ला द्यावी, हे उत्तम. न बोललेल्या शब्दाचा अर्थ सुरक्षिततेच्या बाजूनं लावणारे कार्यक्रम थोडे असतात.

ओळीचे दोषही रसिकानं सांगायला हवेत. ती विसराळू जगात राहते हे तिला माहीत नाही. घरं एका पत्त्यामागे बसवणारी उपकरणं प्रत्येक चालू जोडणीची नोंद ठेवतात आणि बराच वेळ हालचाल नसेल तर ती पुसून टाकतात. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ नं बजावलं होतं की उभी जोडणी किमान २ तास ४ मिनिटं तरी विसरू नका. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे: टीसीपीची स्वतःची ‘आहेस ना’ ही विचारणा दोन तासांनी होते, आणि वरची चार मिनिटं त्या विचारणेला पोहोचायला. प्रत्यक्षात पुष्कळ उपकरणं इतका धीर धरत नाहीत. रात्री दोन ते पाच आलेख बघायला कुणी येत नाही, जोडणी मुकी राहते, आणि पहाटे ती दोन्ही टोकांना जिवंत वाटते पण मधे मेलेली असते. त्यासाठी ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ३० वर ठेवायचं. मग दर तीस सेकंदांनी एक हलकी हाक जाते, आणि लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही तर ओळ स्वतःहून संपते आणि यंत्रावरच्या सेवा सांभाळणारी सिस्टमडी तिला पुन्हा उभी करते.

लाइट जाण्यानं दुसरी गोष्ट होते, आणि मराठवाड्यात ती पुस्तकापेक्षा लवकर कळते. इन्व्हर्टर थकला, यंत्र बंद पडलं, लाइट आली, ओळ पुन्हा धावली. पण मुंबईला पहिलं टोक गेल्याचं अजून कळलेलंच नाही; जुनं सत्र ८०८० अडवून बसलं आहे. नवीन ओळीला ते पोर्ट मिळत नाही, आणि ‘-एन’च्या संयमामुळे ती तक्रार नोंदवून तशीच शांत बसून राहते. चालू दिसते, काम करत नाही. यावर उपाय दोन्ही टोकांना लागतो. घरी ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस’, म्हणजे पोर्ट मिळालं नाही तर सरळ मरायचं आणि पुन्हा यायचं. मुंबईला ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल’, म्हणजे गेलेल्याची वाट फार वेळ बघायची नाही.

वळशाचं काय? लातूरमधल्या शेजाऱ्यानं पान उघडलं तर मागणी मुंबईला जाते, तिथून परत लातूरला येते, उत्तर पुन्हा मुंबईमार्गे येतं. चार फेऱ्या, दोन हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निव्वळ अंतराचे १० मिलिसेकंद. मधल्या उपकरणांचा वेळ धरून हे वाढतं, तरी माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही. मला बोचतो तो वेळ नव्हे, तर किल्लीचा प्रश्न. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मुंबईच्या यंत्रावर ठेवलं, तर घरच्या पानाचं कुलूप परगावी उघडतं. बोअरच्या पातळीसाठी हे चालेल. घरचे फोटो, दवाखान्याचे कागद असतील तर किल्ली घरीच असावी असं माझं ठाम मत आहे. तेव्हा ओळीत ८०८०च्या जागी ८४४३ आणि ८० च्या जागी ४४३ लिहावं, मुंबईनं पाकीट न फोडता फक्त वरचं नाव वाचून पुढे द्यावं, आणि लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र लातूरच्या यंत्रानंच मिळवावं.

आता कुणी म्हणेल की क्लाउडफ्लेअरचं टनेल फुकट मिळतं, भाड्याचं यंत्रही लागत नाही. खरं आहे, आणि त्याच्या मुळाशीही आतून बाहेर जोडणी करण्याचीच कल्पना आहे. पण तिथे पाकीट वाटेत फोडलं जातं. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं, आणि रोजच्या वापराला मी तेच सुचवीन: ते तुटलेल्या जोडणीचं दुःख करत बसत नाही. खरं औषध आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, पण पाहुण्याकडेही ते असावं लागतं आणि राउटरनं बाहेरच्याला आत येऊ द्यावं लागतं. हे सगळे मार्ग चांगले. तरी त्यांत सेटिंगची पानं आहेत, फाइली आहेत, खाती आहेत. संपूर्ण विचार एका श्वासात म्हणता येईल असं फक्त ‘मायनस आर’मध्ये आहे.

या ओळीला मुंबईच्या बाजूला एक जोडीदार ओळ असते, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ‘गोदा’ची सार्वजनिक किल्ली जिथे नोंदवतात तिथे, किल्लीच्या आधी, हे लिहायचं: रिस्ट्रिक्ट,पोर्ट-फॉरवर्डिंग,परमिटलिसन="लोकलहोस्ट:८०८०". पहिला शब्द फॉरवर्डिंग, टर्मिनल असे अधिकार काढून घेतो, दुसरा त्यातला एकच परत देतो, तिसरा तिकडचं ऐकणं एका पोर्टापुरतं बांधून ठेवतो. हा तिसरा शब्द ऑगस्ट २०१८ च्या ओपनएसएसएच ७.८ मध्ये आला. लातूरचं यंत्र उद्या चोरीला गेलं, तरी चोराला त्या किल्लीनं मुंबईत ८०८० सोडून दुसऱ्या कुठल्या पोर्टवर ऐकता येणार नाही; आज्ञा चालवणं मात्र या तीन शब्दांनी अडत नाही. आणि इथे तो अध्याहृत घटक उघड होतो: आपण ८०८० च्या आधी काही लिहिलं नाही, तेव्हा एसएसएचनं पलीकडे आपल्या वतीनं ‘लोकलहोस्ट’ हा शब्द अक्षरशः पाठवलेला असतो. म्हणून जोडीदार ओळीतही तोच हवा. तिथे एकच अर्थ समजून १२७.०.०.१ लिहिलं, तर मुंबई ओळख देत नाही आणि पोर्ट नाकारते.